संकल्पाची मुदत आणि रोजचा नेम

चैत्र पाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस यांपैकी कोणताही मुहूर्त जवळ आला म्हणजे सांगली-साताऱ्याकडील वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हटकून येते. कोणी पहाटे उठून आमराईत फेऱ्या घालण्याचा बेत केलेला असतो, कोणी निवृत्तीनंतर रोज चार ओळी लिहाव्यात असे मनाशी घेतलेले असते, कोणी तलाठी भरतीच्या अभ्यासाला बसलेला असतो, तर कोणा गृहिणीने हरिपूरच्या रस्त्याने चालण्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवलेला असतो. आणि या सर्वांचे गाऱ्हाणे एकच की, पहिले आठ-दहा दिवस अंगात वारे संचारल्यासारखे होते आणि पुढे ते केव्हा ओसरले याचा पत्ताही लागत नाही. त्यापाठोपाठ ठरलेले प्रश्न येतात: एकवीस दिवसांत सवय लागते हे खरे काय, एक दिवस चुकला तर सारे वाया जाते काय, आव्हान मोठे घ्यावे की लहान, आणि पैसे भरून एखाद्या ‘चॅलेंज’मध्ये नाव नोंदवावे किंवा कसे. या प्रश्नांचा निकाल लावण्यास जेवढे लागते तेवढेच येथे सांगितले आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या काढा

बहुतेकांची गल्लत पहिल्याच पायरीवर होते. आव्हानाला मुदत असते. रोजच्या नेमाला ती नसते. आपल्या आजी-पणजी चातुर्मासात जे नेम धरीत, त्यांची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आषाढ शुद्ध एकादशीला सुरुवात, कार्तिक शुद्ध एकादशीला समाप्ती आणि मग रीतसर उद्यापन, हे पहिल्या दिवशीच मुक्रर झालेले असे. वांगे वर्ज्य करणे, मौनाने जेवणे किंवा रोज एक कहाणी वाचणे एवढाच तो नेम असल्यामुळे घरच्या रगाड्यात तो सहज बसे. आणि साऱ्या घराला तो ठाऊक असल्यामुळे चोरून मोडण्याची सोय नसे.

आजचा प्रकार निराळा आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून-उतरून पुरे करावयाच्या २१ किलोमीटरच्या शर्यतीत, नाव नोंदवून तीन-चार महिने नेटाने सराव करणारा गृहस्थ पदक गळ्यात घालून घरी येतो, छायाचित्र भिंतीवर लावतो आणि बूट माळ्यावर टाकतो. यात शर्यतीचा काही दोष नाही. शर्यत ही मुदतीची गोष्ट होती व ती मुदतीत पुरी झाली. शर्यतीच्या दुसऱ्या आठवड्यापासून काय करावयाचे, याची तजवीज मात्र त्याने केली नव्हती.

तेव्हा आपली अडचण नेमकी कोणती हे प्रथम ठरवा:

- सुरुवातच होत नसेल, तर मुदतीचे आव्हान घ्या. तारीख अंगावर आली की हातपाय हलतात.
- सुरुवात होते पण टिकत नसेल, तर नवे आव्हान घेऊ नका. माप कमी करा आणि वेळ बांधून घ्या.
- काम नियमाने चालू आहे पण कंटाळा आला असेल, तर पंधरा दिवसांचे छोटे आव्हान मधे घाला व ते संपताच जुन्या मापावर परत या.

नवी डायरी, नवे बूट आणि मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळ यांची खरेदी या यादीत नाही, हे सुज्ञांच्या ध्यानात आलेच असेल. तो दुकानदाराचा हंगाम आहे.

मोहित्यांच्या वडगावाने काय केले

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळेचे वर्ग मोबाईलवर भरले आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलांच्या हातातून मोबाईल सुटेना, तेव्हा या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक शिरस्ता घातला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. त्या क्षणापासून साडेआठपर्यंत गावातील दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद ठेवावयाचे, मुलांनी अभ्यासाला बसावयाचे आणि मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि सर्वजण मोकळे होतात. प्रारंभी पुष्कळांना हा पोरखेळ वाटला, संध्याकाळच्या मालिका सोडण्यास काही घरे राजी नव्हती, आणि म्हणून ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा सेविका व निवृत्त शिक्षक यांना घरोघर फिरून समजूत घालावी लागली. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या या गावाची वार्ता पुढे परदेशी वृत्तसंस्थांपर्यंत गेली. पण आपल्याला त्या प्रसिद्धीशी कर्तव्य नाही, मांडणीशी आहे.

त्या मांडणीत वेळ ठरविण्याचे काम कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. भोंगा वाजला की वेळ झाली. माप स्वच्छ आहे. ‘मोबाईल कमी वापरू’ असा गुळमुळीत ठराव केला असता तर तो आठवडाभरही टिकला नसता. दीड तास म्हटल्यावर पळवाट उरत नाही. शिवाय रिकाम्या झालेल्या वेळात काय करावयाचे तेही सांगितलेले आहे, आणि माझ्या मते हीच यातील मर्माची गोष्ट होय. कारण एखादी सवय नुसती काढून टाकली व तिची जागा मोकळी ठेवली, तर ती जुनी सवय मुदतीआधीच घरी परतते.

आपल्या घरावर भोंगा नसला तरी दिवसातून ठरल्या वेळी होणाऱ्या गोष्टी घरात पुष्कळ असतात. दूध येते, नळाला पाणी येते, देवापुढे सांजवात लागते, मुलांची शाळेची गाडी दाराशी थांबते. नवा नेम यांपैकी एखाद्या गोष्टीच्या पाठीला बांधा. ‘सकाळी केव्हातरी चालेन’ असे न म्हणता ‘दुधाचे पातेले गॅसवरून उतरले की चपला पायात’ असे म्हणा. वेळ घड्याळावर बांधण्यापेक्षा ती घडणाऱ्या गोष्टीवर बांधलेली बरी, कारण घड्याळाकडे दुर्लक्ष करता येते, उतू जाणाऱ्या दुधाकडे येत नाही.

माप किती ठेवावे

आपल्या सर्वांत वाईट दिवशी जेवढे जमेल तेवढे. ऊस कारखान्याच्या काट्यावर रात्री उशिरापर्यंत खोळंबून परतलेल्या माणसाला, घरी लग्नकार्य असलेल्या बाईला किंवा दोन पाळ्या सलग केलेल्या परिचारिकेला जे करता येईल, ते आपले किमान माप. उदाहरणार्थ:

- वाचन: दोन पाने.
- चालणे: दहा मिनिटे, पाऊस असल्यास गच्चीच्या जिन्यावर किंवा सोप्यात.
- सूर्यनमस्कार: तीन.
- स्पर्धापरीक्षेचा अभ्यास: जुन्या प्रश्नपत्रिकेतील पाच प्रश्न.
- बचत: डब्यात दहा रुपये.

हे वाचून पुष्कळांना हसू येईल, आणि एवढ्याने काय होणार असा प्रश्नही पडेल. पण हे किमान आहे. सवड असेल त्या दिवशी आपणास कोणी अडवीत नाही. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर काढावयास लावीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लाल मातीत उतरावे हा त्याचा पहिला हेतू असतो, आणि आकडा तो पुढे आपल्या हिशेबाने चढवीत नेतो.

सूर्यनमस्काराचा विषय निघाला आणि औंधाचे नाव आले नाही, असे आमच्या भागात होऊ नये. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा पुरस्कार नुसत्या व्याख्यानांनी केला नाही. त्यांनी तो संस्थानच्या शाळांतून सक्तीचा केला, स्वतः रोज घातला आणि आपल्या कुटुंबातही रुजविला. १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या त्यांच्या पुस्तकाने ही पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत नेली, त्या वेळी त्यांनी वयाची सत्तरी गाठली होती. शाळेतील सक्तीबद्दल मतभेद होऊ शकतो, आणि मला स्वतःला ती फारशी रुचत नाही. तथापि वेळापत्रकात घातलेली गोष्ट घडते आणि इच्छेवर सोडलेली राहून जाते, हे त्या राजाने अचूक ओळखले होते. आपल्या घरचे राजे आपणच आहोत. हुकूम स्वतःपुरता काढावा.

एकवीस दिवसांचा समज

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आपल्या नव्या रूपाची ओळख पटण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे त्यातील ‘निदान’ गळाले आणि आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे एकेक नवी गोष्ट रोज केली. ती अंगवळणी पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ आला, आणि माणसामाणसांतील अंतर अंदाजाने १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेले. जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रगतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही त्यात आढळले.

त्यावरून व्यवहारापुरता निष्कर्ष असा की, मुदत तीन-चार महिन्यांची धरा. आपल्या पंचांगात अशा मुदती आयत्या आहेत: पाडव्यापासून आषाढीपर्यंत सुमारे शंभर दिवस होतात आणि चातुर्मास त्याहून थोडा मोठा असतो. मधे अधिक मास आला तर महिनाभराची भर पडते; ती देवाची देणगी समजावी.

खाडा कसा मांडावा

आमच्याकडील बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते आणि त्याच्या चौकटींत दुधाचा खाडा पेन्सिलीने मांडलेला असतो. दूध रोज येणारच हे गृहीत धरलेले असल्यामुळे आलेल्या दिवसाची नोंद कोणी करीत नाही. न आलेल्या दिवशी तेवढी फुली पडते आणि महिनाअखेर त्यावरून गवळ्याचा हिशेब होतो. आपल्या नेमाचा हिशेब याच रीतीने, त्याच चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, निराळ्या शाईने मांडा. केलेल्या दिवसांची माळ मिरविण्यात एक धोका असा असतो की, ती तुटली म्हणजे माणूस सगळेच टाकून देतो.

फुलीपुढे कारण एका शब्दात लिहा: ‘पाहुणे’, ‘ताप’, ‘वीज’, ‘प्रवास’, ‘आळस’. महिना संपला की ते पान वाचा. ‘पाहुणे’ चार ठिकाणी दिसले तर आपण संध्याकाळची वेळ धरली आहे आणि ती बदलून पहाटेची करावयास हवी. ‘आळस’ पुनःपुन्हा आला, तर एक तर माप मोठे आहे किंवा ही गोष्ट आपल्याला मुळात नकोच आहे. शेजाऱ्याने धरली म्हणून आपण धरली.

खाड्यासंबंधी नियम तीनच आहेत:

- लागोपाठ दोन खाडे पडू देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी निदान किमान माप पुरे करावे.
- थकबाकी वसूल करू नये. काल राहिलेली दोन पाने आज धरून चार वाचू गेलात, तर परवा सहा होतील आणि तेरवा पुस्तक मिटेल.
- आजारपण, घरातील मृत्यू किंवा पूर यांमुळे पडणारा खंड हा खाडा नव्हे, ती तहकुबी होय.

तहकुबीविषयी सांगलीकरांना निराळे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली होती. त्या दिवसांत कोणाचा कोणता नेम राहणार? मात्र तहकुबी मांडतानाच पुन्हा सुरू करण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ती लिहिली नाही की तहकुबीचे रूपांतर निकालात होते.

मुदत संपली आणि ठरविलेले साध्य झाले नाही, तर नव्याने मुदत घाला. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. हेलसिंकीचे कांस्यपदक १९५२ चे आहे.

साक्षीदार आणि दंड

संकल्प जाहीर करावा की मनात ठेवावा, असे विचारले जाते. एका माणसाला सांगावा. तो विचारपूस करणारा असावा, उणेदुणे काढणारा नसावा. व्हॉट्सॲपवर तीनशे जणांना कळविले म्हणजे तीनशे अंगठे वर होतात आणि काही केल्याचे समाधान काही न करता मिळते.

समूहाने काम करावयाचे असेल, तर कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. पाणी फाउंडेशनच्या २०१६ सालच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने पहिला क्रमांक मिळविला. उन्हाळ्यात सुमारे दीड महिना गावकऱ्यांनी श्रमदानाने जलसंधारणाची कामे केली. उघड्या माळावर फावडे-घमेले घेऊन कोण आला आणि कोण आला नाही, हे सर्वांना दिसत होते. निराळ्या हजेरीची गरज नव्हती. आपल्या पाच-सहाजणींची भिशी असेल, तर महिन्याच्या त्याच बैठकीत एकमेकींचे कॅलेंडर पाहण्याचा रिवाज घाला. त्यासाठी स्वतंत्र सभा बोलावू नका, ती दोनदा भरते आणि तिसऱ्यांदा तहकूब होते.

दंड ठेवावा की नाही? मी ठेवू नये या मताचा आहे. इस्राएलमधील काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांवर दंड बसविला तेव्हा उशीर करणारे वाढले, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. पैसे भरले म्हणजे उशिराचा परवाना मिळाला, अशी पालकांची समजूत झाली. वीस रुपये डब्यात टाकून आळस विकत घेणे आपल्यालाही कठीण नाही.

नेम धरणाऱ्याचे हक्क

घरातील पुरुषाने पहाटे फिरावयास जाण्याचे ठरविले तर त्याच्यासाठी चहा आधी होतो. घरातील स्त्रीने ठरविले तर तिने चहा करून मग जावे अशी अपेक्षा असते. तेव्हा नेमाची वेळ ठरविताना त्या वेळचे काम कोण करणार, हेही नावानिशी ठरवून घ्या. ‘कोणीतरी बघेल’ या शब्दांवर विसंबून सुरू केलेला नेम पंधरवड्यात बुडतो, आणि वर ‘हिच्याने काही टिकत नाही’ असा शेरा बसतो तो निराळाच. अर्धा तास मागणे ही मेहरबानीची याचना नव्हे.

पैसे घेऊन चालविली जाणारी आव्हाने, व्यायामशाळांची वार्षिक सभासदत्वे आणि मोबाईलवरील शिकवण्या यांच्या बाबतीत पुढील गोष्टी ध्यानात ठेवा:

- पावती आणि परताव्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी लेखी मागा. शक्य तेथे वर्षाऐवजी एका महिन्याचेच पैसे भरा.
- ‘तीन आठवड्यांत दहा किलो’ अशा हमीच्या जाहिरातीचे चित्र जपून ठेवा. तक्रारीच्या वेळी तो पुरावा असतो.
- कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर प्रथम चालकास लेखी कळवा. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.
- त्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकता; वकील सक्तीचा नाही.

केव्हा थांबावे

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी घाट चढण्याचे वा धावण्याचे आव्हान घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा दम न आवरणे यांपैकी काहीही झाले, तर त्या क्षणी थांबून डॉक्टर गाठावा. तेथे नेमाची प्रतिष्ठा आड येऊ देऊ नये. नेम सोडावयाचाच असेल तर तो ठरल्या तारखेला, साक्षीदाराला सांगून सोडावा. मधेच कधीतरी गळून पडलेल्या नेमाची रुखरुख पुढच्या संकल्पाच्या वाटेत येते.

एक गोष्ट मात्र याहून निराळी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, झोप व भूक उडाली असेल आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी उरली नसेल, तर तो आळस नव्हे व त्यावर माप कमी-जास्त करण्याचा उपाय चालत नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी स्वतःला बोल लावीत न बसता डॉक्टरांकडे जावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालू असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.